चंदगडचं गिऱ्हाईक आणि बेंगळूरचे क्लिक

(बेळगावच्या शहापुरात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दुकानदार मंडळींसमोर झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. मागं बसलेल्यांनी जरा पुढं सरका की ओ, माइकचा काय भरवसा नाही आज.

मला इथं ऑनलाइन ॲडवर बोला म्हणून सांगितलंय, खरं मी काय त्यातला मास्तर नव्हे. आमचं साड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं, आणि गेली चार-पाच वर्षं गूगलवर आणि इन्स्टावर मी स्वतः पैसे घालतोय. त्यातले पहिल्या वर्षाचे बरेचसे पाण्यात गेले. ते कसे गेले तेच आधी सांगतो, कारण ते ऐकायलाच तुम्ही आलाय हे मला माहीत आहे.

लग्नसराई तोंडावर होती, तुळशीचं लग्न झालं की बस्ते सुरू होतात तेव्हाची गोष्ट. मोबाईलवरनं गूगल ॲड्सचं अकाउंट उघडलं, कार्ड टाकलं, त्यानं विचारलं ॲड कुठं दाखवायची, मी म्हटलं आपण कर्नाटकात राहतोय, कर्नाटक. झालं. फोन वाजायला लागले, मी खूश. पहिला फोन बेंगळूरचा, ऑनलाइन पाठवता काय म्हणून. दुसरा म्हैसूरचा. तिसरा माणूस कन्नडमध्ये विचारतोय की तुमची जयनगरला ब्रँच कुठं आहे. आठ दिवसांत साडेचार हजार गेले आणि दुकानात त्या ॲडवरनं आलेलं एक माणूस नाही. कुणाची चूक? माझीच की. आमच्या दुकानात बस्ता बांधायला येतंय कोण? खानापूर, हुक्केरी, संकेश्वर, आणि त्याच्या निम्म्यानं तरी चंदगड, गडहिंग्लज, आणि चोर्ला घाटातनं येणारं गोव्याचं गिऱ्हाईक. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, इथनं अर्ध्या तासाचा रस्ता, आणि मी कर्नाटक असं टिक करून त्या सगळ्यांना ॲडमधनं बाहेर काढून ठेवलं होतं, आणि पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळूरला आमंत्रण धाडलं होतं!

म्हणून माझं सगळ्यात पहिलं सांगणं हे की राज्याचा नकाशा बाजूला ठेवा आणि एसटीचा नि टेम्पोचा नकाशा डोक्यात धरा. दुकानावर पिन टाका, भोवती ४०-५० किलोमीटरचा गोल काढा, मग त्यात कमी-जास्त करा. कोल्हापूर मी घेतलंच नाही, महाद्वार रोडची बाजारपेठ सोडून तो माणूस शहापूरला कशाला येईल? गोव्यात सगळा गोवा नको, सत्तरी आणि डिचोली बास, ती माणसं रविवारी बेळगावला येतातच.

आता यात एक खोड आहे ती नीट ऐका. गोल काढला म्हणजे फक्त गोलातल्या माणसालाच ॲड दिसेल असं नाही. लोकेशनच्या खाली लोकेशन ऑप्शन्स म्हणून बारीक अक्षरात एक दार असतंय, ते उघडलं की कळतं, तिथं आधीपासनं टिक असते ती अशी, की त्या भागात असलेली माणसं आणि त्या भागात रस दाखवणारी माणसं, दोन्ही. म्हणजे पुण्यात बसून कुणी बेळगावचं हवामान नि बेळगावचा कुंदा शोधत असेल तर त्यालाही माझी पैठणी दिसणार, आणि त्यानं सहज बोट लावलं तर पैसे माझे. ती टिक काढून फक्त त्या भागात असलेली किंवा नेहमी येणारी माणसं हा पर्याय घ्या. माझ्या दृष्टीनं अख्ख्या ॲडमधलं सगळ्यात महागडं बटण हेच. तसंच सर्चची कॅम्पेन, म्हणजे गूगलवर शोधणाऱ्याला दिसणारी ॲड करताना डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवर नि ॲपमध्ये दाखवायची टिकसुद्धा आपोआप असते, ती काढा, नाहीतर तुमची ॲड कुठल्यातरी गेमच्या ॲपमध्ये जाऊन बसते आणि लहान पोरं गेम खेळताना चुकून दाबतात.

बरं, ही ॲड दिसते कशी? आपल्या मार्केट यार्डात बटाट्याचा सौदा होतो तसाच सौदा, खरं दर सर्चला नव्यानं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत. कुणीतरी टाईप केलं, बस्ता बेळगाव, की त्या शब्दावर ज्यांनी ज्यांनी बोली लावलीय त्यांच्यात सौदा होतो. यार्डात आणि यात फरक एवढाच की इथं जास्त बोलीवाला जिंकलाच असं नाही. ॲडमध्ये लिहिलंय ते शोधणाऱ्याच्या कामाचं आहे काय, दाबल्यावर जे पान उघडतं ते लवकर उघडतं काय, ह्याला पण मार्क असतात. त्यामुळं मोठ्या शोरूमवाल्यापेक्षा कमी बोलीत आपण वर जाऊ शकतो. आणि पैसे पण बहुतेक वेळा आपण सांगितलेल्या बोलीपेक्षा कमीच जातात.

आता शब्दांचं. हे आपल्या भागात जेवढं गमतीचं आहे तेवढं पुण्या-मुंबईला नाही. गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं, खरं लोक इंग्रजी अक्षरात अजून जुनंच स्पेलिंग टाईप करतात, काही नवीन करतात, मराठीत बेळगाव, कन्नडमध्ये बेळगावी. चारही घाला. दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड पायजे, तो नियम आपण पाळतोय, खरं गिऱ्हाईक मोबाईलमध्ये टाईप करताना कुठला नियम पाळत नाही. मी कन्नडमधली ॲड वेगळी ठेवलीय, भाचीकडनं लिहून घेतली, ती कन्नड मीडियमला शिकली. त्यात इरकल पुढं असते, मराठीत पैठणी आणि बस्ता. धंद्यात भाषेचा वाद आणू नका बाबानो, गल्ला दोन्हींचा एकच आहे.

आणि एक रिपोर्ट असतो, सर्च टर्म्स म्हणून. आपण कुठला शब्द घातला ते नव्हे, माणसानं खरोखर काय टाईप केलं ते. रात्री शटर ओढल्यावर पहिल्यांदा तो उघडला तेव्हाचं मला अजून आठवतंय, चहा निवला खरं मी उठलो नाही. साडी कशी नेसायची, ह्यावर ११ क्लिक. फॉल पिको जवळपास, ९. साडी दुकान जॉब बेळगाव, १४! म्हणजे नोकरी शोधणाऱ्या पोरींच्या एकेका क्लिकमागं मी गूगलला १५ रुपये देत होतो, बिचाऱ्यांचा काय दोष. सुरत होलसेल, जुनी साडी विकणे, साडीपासून ड्रेस. कारण काय, मी शब्द उघडे सोडले होते, त्याला ब्रॉड मॅच म्हणतात, म्हणजे त्या अर्थाच्या आसपासचं गूगलला जे वाटेल ते. दुहेरी अवतरण चिन्हात घातलं की फ्रेज, चौकोनी कंसात घातलं की एक्झॅक्ट, तेवढ्यावर हात आवरता येतो. आणि नको त्या शब्दांची निगेटिव्ह लिस्ट करायची. माझ्या लिस्टीत आता दीडशेच्या वर शब्द आहेत, दर सोमवारी दोन-चार वाढतात. भाजी निवडल्यासारखं काम आहे, कंटाळवाणं, खरं पैसे तिथंच वाचतात.

इन्स्टाचं थोडक्यात. रीलखालचं बूस्ट बटण नुसतं दाबून सोडलं तर बहुतेक लाइकच वाढतात, मला इंदूरचे लाइक आले होते, त्याचं काय करू? ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन एंगेजमेंट हे उद्दिष्ट घ्या आणि त्यात मेसेजसाठी व्हॉट्सॲप निवडा, म्हणजे दाबलं की सरळ तुमचं व्हॉट्सॲप उघडतं. खरं मग तिथं बसायला माणूस पायजे. आमच्यात काकू बसतात. हलकर्णीच्या एका बाईंनी व्हॉइस मेसेज पाठवला, पोरीचा बस्ता आहे, २० साड्या मानपानाच्या, किती पर्यंत. काकूंनी रेट पाठवला नाही, उलट व्हॉइस मेसेजच केला, मांडव कधी आहे ओ ताई, मानपानाच्या २० मध्ये नऊवारी किती धरताय? अर्धा तास त्यांचं चाललं. तिसऱ्या दिवशी टमटम भरून माणसं. हे ॲडनं केलं काय काकूंनी? ॲड रात्री दहानंतर मी बंद ठेवतो ती पण त्यासाठीच, काकू झोपतात.

आता हिशेब, इथं जरा लक्ष द्या. मागच्या सीझनला एका महिन्यात ६,००० घातले, वर १८ टक्के जीएसटी, ७,०८०. क्लिक आले ४००, फोन-मेसेज २६, दुकानात आले ९ जण, बस्ते बांधले चौघांनी. म्हणजे एका बस्त्यामागं १,७७० रुपये. बस्त्यात सुटतं त्याच्या मानानं मला हे परवडतंय. हाच हिशेब घरात कुंदा करून विकणाऱ्या ताईंना लावा. पाव किलोच्या डब्यात ३० रुपये सुटत असतील आणि दहा क्लिकला एक डबा जात असेल तर १५० घालून ३० मिळवले. त्यांनी ह्या वाटेला जाऊच नये, गूगल मॅपवर धंद्याचं प्रोफाइल फुकट होतं तेवढं नीट फोटो घालून करावं, आणि मोठ्या ऑर्डरी, म्हणजे मुंज, बारसं, ऑफिसची दिवाळी, त्यावरच पैसे लावावेत. आणि जीएसटी नंबर अकाउंटमध्ये घालायला विसरू नका, रेग्युलरवाल्यांना तो टॅक्स वळता करून घेता येतो, कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठराविक टक्के टॅक्स भरणाऱ्यांना, नाही, त्यांनी १८ टक्के खर्चातच धरायचे.

किती पैशानं सुरू करू, असं ह्या पोरानं विचारलंय. दिवसाला २०० धर, महिनाभर. एखाद्या दिवशी ४०० गेलेले दिसतील, दचकू नकोस, दिवसाच्या बजेटच्या दुपटीपर्यंत गूगल जातं, महिन्याच्या हिशेबात सांभाळून घेतं. आणि पहिल्या आठवड्यात रोज काहीतरी बदलत बसू नकोस.

काका, तुमचं काय? समोरचा दुकानदार मुद्दाम क्लिक करून आपले पैसे जाळणार नाही काय? बरोबर आहे शंका. असले खोटे, एकाच ठिकाणचे परत परतचे क्लिक गूगल ओळखून काढतं आणि त्याचे पैसे धरत नाही, उशिरा सापडले तर बिलात इनव्हॅलिड म्हणून वजा दिसतात. सगळेच सापडतात असं मी म्हणत नाही. खरं आमच्यात जाळणारा समोरचा दुकानदार नव्हताच. आमचे मामा वडगावला राहतात, त्यांना मी कौतुकानं सांगितलं होतं की आपलं दुकान गूगलवर सगळ्यात वर येतंय. ते रोज सकाळी पूजा झाली की मोबाईल काढायचे, सर्च करायचे, आलं की दाबायचे, आणि मामींना दाखवायचे. मग मामी त्यांच्या मोबाईलवर.