इझ्निकच्या टाइल्सवरील फुलांचे अर्थ

इस्तंबूलच्या एमिन्योन्यु भागातील गजबजलेल्या बाजारात, दुकानांच्या कमानींवर रुस्तम पाशा मशीद उभी आहे. सोळाव्या शतकातील उस्मानी (ऑटोमन) सुलतान सुलेमानचा जावई आणि वजीर रुस्तम पाशा याच्या नावाची ही मशीद प्रख्यात स्थपती सिनान याने १५६०च्या दशकाच्या आरंभी बांधली. तिच्या भिंतींवर आणि खांबांवर तुर्कस्तानातील इझ्निक या गावी भाजलेल्या टाइल्स दाटीने बसवल्या आहेत. त्यांतील ट्यूलिपची फुले इतक्या तऱ्हांनी रंगवली आहेत, की पाहणाऱ्याने प्रत्येक भिंतीपाशी थांबावे.

तुर्क ज्याला 'लाले' म्हणतात, त्या या फुलाचे नाव अरबी लिपीत 'अल्लाह' या नामाच्याच अक्षरांनी लिहिले जाते आणि अबजद गणनेत, म्हणजे प्रत्येक अक्षराला अंकमूल्य देण्याच्या पद्धतीत, दोन्हींची बेरीज ६६ येते. त्यामुळे मशिदीच्या भिंतीवर या फुलाला आपसूकच पावित्र्य लाभले. गुलाबाशी प्रेषित मुहंमदांची आठवण जोडलेली आहे, तर कबरस्तानात लावला जाणारा सदाहरित सरू वृक्ष चिरंतनत्व सुचवतो. मात्र फुलांना बागेतल्यासारखे जिवंत रूप दिले ते कारा मेमी या दरबारी चित्रकाराने, आणि माझ्या मते या कलेचे खरे वैभव तेथेच आहे.

सुलेमानची पत्नी हुर्रेम सुलतान हिच्या १५५८च्या कबरीवास्तूत, बहरलेल्या झाडांच्या फांद्या टाइल्सवर चितारल्या आहेत. मृत्यूच्या जागी वसंत रंगवण्यामागे स्वर्गातील बागेची कल्पना आहे, हे उघड आहे. याच सुमारास लोहयुक्त मातीपासून केलेला तांबडा रंग टाइल्सवर आला. तो जाड थरात लावत असल्याने झिलईखालीही किंचित उंच राहतो आणि बोटांना जाणवतो.

तरीही प्रत्येक आकृतीला एकच ठरलेला अर्थ होता, असे मानणे मला पटत नाही. तीन गोल आणि दोन नागमोडी पट्टे यांच्या नक्षीला आज कलेचे अभ्यासक 'चिंतामणी' म्हणतात, कारण तिचे मूळ बौद्ध परंपरेतील रत्नात शोधले जाते. उस्मानी दरबारात मात्र ते गोल बिबट्याचे ठिपके आणि ते पट्टे वाघाच्या अंगावरचे मानले जात, म्हणून ही बलसूचक नक्षी सुलतानांच्या काफ्तानांवरही (लांब झग्यांवरही) विणली गेली. नक्षी कुठे आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असे. मशिदींतून सजीव प्राण्यांची चित्रे टाळली जात, पण तोपकापी राजवाड्यातील सुंता-कक्षाच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर लांब पानांच्या जाळीत पक्षी आणि काल्पनिक प्राणी मोकळेपणाने वावरताना दिसतात.