लॉकरमधली फळी

(दृश्य: फौंड्री, ओतकाम सुरू आहे)

कोल्हापूरच्या फौंड्रीवर काही करायचं म्हटलं की कॅमेरा आधी भट्टीकडे वळतो. आमचाही वळला. सुमारे १,४०० अंशांचं वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात उतरतंय. पण वाळूतल्या त्या साच्याला आकार देतो लाकडी पॅटर्न, आणि तो घडवणारा मेस्त्री सहसा चित्रात येत नाही. आज तोच बघायचा.

(दृश्य: शिवाजी उद्यमनगरातलं पॅटर्न शॉप)

शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनं आणि पंप याच गल्ल्यांतून घडले. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री या इथल्या जुन्या यंत्रकारांची नावं अजून आदरानं घेतात. आपल्या मेस्त्रींच्या हातात आज पंपाचा पॅटर्न नाही. फौंड्रीतल्या एका पोराच्या लोखंडी लॉकरसाठी ते कप्पा करतायत. त्या उभ्या लॉकरला आत एकही फळी नाही, त्यामुळं वाळूनं भरलेले सेफ्टी शूज आणि जेवणाचा डबा एकमेकांना टेकून असतात.

मेस्त्रींच्या टेबलावर दोन पट्ट्या आहेत. सारख्याच दिसतात, पण शेजारी ठेवल्या की एक किंचित लांब भरते. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक. म्हणजे ३०० मिलिमीटरचा भाग हवा असेल तर पॅटर्न ३०३ चा करायचा. हा हिशेब त्या लांब पट्टीतच भरलेला असतो. त्याखेरीज पॅटर्नच्या उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, नाहीतर तो वर काढताना वाळूची कड ढासळते. एवढं सगळं डोक्यात ठेवून जो माणूस लाकूड कापतो, त्याला आपण नुसतं ‘सुतार’ म्हणून मोकळे होतो.

लॉकरला साधी पट्टी चालते. आतली रुंदी भरली ३८० मिलिमीटर. पण पत्र्याची कड दोन्हीकडून आत वळलेली, म्हणून दारातली वाट फक्त ३४०. मेस्त्री म्हणाले, “आतलं माप सगळीच घेत्यात. दाराचं कोण घेत न्हाई, आन् मग फळी घिऊन भायेरच हुभी.”

(दृश्य: जुना बोर्ड, खिळे, रंधा)

लाकूड आलं मोडीत निघालेल्या पॅटर्नच्या बोर्डातून. सागवान. खिळे पकडीनं उपटले, तरी मेस्त्रींनी वरून लोहचुंबक फिरवला. एखादा मोडका खिळा आत राहिला तर रंध्याच्या पात्याची धार गेलीच. रंधा सरकतो, जुना तांबडा रंग सोलत जातो आणि खालून सागाचा तपकिरी रंग निघतो. या ढलप्या थोडा वेळ नुसत्या बघा.

फळी ३७० ची. तीन तुकडे शेजारी शेजारी, मध्ये बोटाचं नखही जेमतेम जाईल एवढी फट. पावसाळ्यात लाकूड फुगतं ते आडवं, रेषांच्या दिशेनं फारसं नाही. कोल्हापूरचा पाऊस बघता ती फट ठेवलेली बरी. म्हणूनच तुकड्यांना आपसात फेव्हिकॉल नाही, खालच्या दोन पट्ट्यांना फक्त स्क्रू. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडलं, कारण टोकाजवळ साग चिरतो.

लॉकर कंपनीचा, त्याला भोक पाडता येत नाही. तेव्हा फळी दोन घोड्यांवर बसवायची. घोडी म्हणजे दोन पाय आणि मधली आडवी पट्टी. जोडाला दोन्ही लाकडांत निम्मी निम्मी खाच. करवतीनं दोन्ही कडा कापल्या, मधलं पटाशीनं उडवलं. काटकोन तपासायचा गुण्या लावला, उजेडाकडं धरून पाहिला. फट दिसली नाही. इथं मात्र फेव्हिकॉल लावला आणि रात्रभर दाबून ठेवलं.

फळीच्या दोन्ही टोकांना खालून हलकासा उतार दिलाय. आम्ही कारण विचारलं. हात सवयीनं गेला, म्हणाले.

(दृश्य: लॉकर रूम)

आधी दोन्ही घोड्या आत, पत्र्याला टेकवून. मग फळी तिरकी धरायची, एक टोक आधी घालायचं, आत गेली की आडवी करायची. खालच्या पट्ट्या घोड्यांच्या आतल्या अंगाला बसतात, त्यामुळं घोड्या आत कलत नाहीत. फळीचा तो उतार पत्र्याच्या कडेवरून न अडता सरकला.

बूट खाली, डबा वर.

पॅटर्न आता सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, कापले जातात, ॲल्युमिनियमचेही येतात. मेस्त्रींच्या हाताखाली शिकायला सध्या कुणी नाही. शेजारच्या लॉकरवाल्यांनी मात्र आपल्यालाही असाच कप्पा हवा म्हणून गळ घातलीय. मेस्त्रींनी सांगून टाकलंय, “लाकूड देतो. पटाशी तुमी धरायची.”