ऑफिसच्या फायली कुणाच्या नावावर?

नमस्कार श्रोतेहो. जुलै 2025 मध्ये युरोपीय महासंघाने रशियावर नवे निर्बंध लादले आणि त्यांच्या यादीत नायरा एनर्जी ही कंपनी आली. मुख्यालय मुंबईत, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातमध्ये वाडिनारला, मोठा हिस्सा रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीकडे. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराला दिलेल्या आपल्या सेवा थांबवल्या. मेल बंद, बैठका-निरोपांचं टीम्स बंद, स्वतःचीच माहिती हाताशी नाही. परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तोवर रेडिफच्या मेलवर काम भागवलं. पुढे सेवा सुरू झाल्या.

तुम्ही म्हणाल, आमची गावातली पतसंस्था, आमचं सीएचं ऑफिस, आमच्यावर कोण निर्बंध घालणार? खरं आहे. तुमचं काम अडेल ते फार साध्या कारणानं. छोट्या ऑफिसांत पुष्कळदा सगळ्या फायली कुणा एकाच्या खासगी जीमेलवर असतात. संगणकातलं कळतं म्हणून कधीतरी त्यानंच सुरुवात केलेली असते. तो दुसरीकडे नोकरीला लागला की फायलींची मालकी त्याच्या खात्याबरोबर जाते. तो भला माणूस असला तर मिळतात, एवढंच. म्हणून गूगल की मायक्रोसॉफ्ट यावर भांडण्याआधी खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा. संस्थेचं स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव, घ्या, आणि त्याची नोंदणी वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर ठेवू नका. डोमेन आपलं असलं की मेल आज गूगलकडे, उद्या झोहो या देशी कंपनीकडे नेता येतो. पत्ता बदलत नाही.

फायली ठेवायला मिळणाऱ्या फुकट जागेच्या हिशोबात मात्र वेळ घालवू नका. गूगल 15 जीबी देतं, त्यातच मेल आणि फोटो. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह 5, ड्रॉपबॉक्स 2. कामाच्या ऑफिसला यातलं काहीच पुरत नाही.

मग निवडायचं कशावरून? बाहेरून तुमच्याकडे काय येतं त्यावरून. ऑडिटर किंवा बँक मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, असलेली एक्सेल पाठवत असेल, तर ते मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालत नाहीत, लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्येही पुष्कळदा अडखळतात. तिथे निमूटपणे मायक्रोसॉफ्टचे पैसे भरावेत. चार शाखांतल्या माणसांनी एकच तक्ता रोज भरायचा असेल, तर मला गूगल सुटसुटीत वाटतं. चेन्नईच्या झोहोचा सध्या बराच बोलबाला आहे. केंद्र सरकारनं आपले मेल तिकडे नेले. देशी आहे म्हणून डोळे झाकून घ्या असं मी सांगणार नाही, पण महिनाभर वापरून बघण्याजोगं नक्की आहे.

आता मराठीत काम करणाऱ्यांची खास अडचण. वर्षानुवर्षांची इतिवृत्तं, ठराव, नोटिसा श्रीलिपी नाहीतर कृतिदेवच्या जुन्या फॉण्टमध्ये टाईप केलेल्या. असा फॉण्ट अक्षर मराठी दाखवतो, पण फाईलच्या पोटात भलतेच संकेत साठवतो. ती फाईल गूगल डॉक्समध्ये उघडली, की तिथे तो फॉण्ट नसतो आणि सभेच्या इतिवृत्ताऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. सभासदाचं नाव टाकून शोधलं तर सापडतही नाही. कुठलीही कंपनी निवडा, हा घोळ तुमच्याबरोबर येणारच. म्हणून आधी चालू कामाच्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या संकेतांत, रूपांतरित करून घ्या आणि जोडाक्षरं, रफार, आकडे माणसाकडून तपासून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे. पैसे द्यावे लागले तरी द्या.

शेवटचं एक. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या साठ्यात, आहे म्हणजे सुरक्षित प्रत आहे, असं समजू नका. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. कचरापेटीत साधारण 30 दिवस राहतं, मग संपलं. गूगल ड्राइव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून निश्चिंत होऊ नका. संगणकावर दिसणारी गूगल डॉक्सची फाईल म्हणजे नुसता दुवा असतो, आत मजकूर नसतोच. आपली माहिती उतरवून घेण्याची गूगलची सोय आहे, गूगल टेकआउट; तिच्यातून वर्ड आणि एक्सेलच्या रूपात सगळं उतरवा, इंटरनेट बंद करा आणि त्यातल्या दोन-चार फायली उघडून बघा. त्यासाठी लिब्रेऑफिस फुकट मिळतं.

धन्यवाद.