कल्पित बंदरनगरीचा राजा

अद्भुतकथेतील बंदरनगरीचे वर्णन बहुधा सोन्याच्या कळसांपासून सुरू होते आणि राजाच्या सिंहासनापाशी संपते. ते सोने आले कोठून, हे लेखक सांगत नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. नागपूर समुद्रापासून दूर असले, तरी हा प्रश्न आपल्याला परका नाही. १८६७ मध्ये येथे रेल्वे पोहोचली आणि विदर्भाचा कापूस झपाट्याने मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागला. त्या शहराच्या वैभवात आपल्या काळ्या मातीचा वाटा आहे, हे या सभागृहात वेगळे सांगायला नको.

समुद्राने बारा योजने जमीन सोडली आणि तीवर द्वारका उभी राहिली, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकली आहे. मला मात्र महाभारताच्या वनपर्वातील, शाल्व राजाने द्वारकेला घातलेल्या वेढ्याचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. त्या वेळी पूल तोडण्यात आले, नावांची ये-जा थांबवली गेली, उग्रसेन आणि उद्धव यांनी मद्यपानबंदीची दवंडी पिटवली, नट-नर्तकांना नगराबाहेर पाठवले गेले आणि परवान्याची मुद्रा दाखवल्यावाचून कोणालाही आत-बाहेर करता येईना. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाही सैनिकाचे वेतन थकलेले नव्हते. कृष्ण त्या वेळी नगरात नव्हता, तरीही नगरी टिकली, कारण तिचा कारभार चोख होता. दैवी नगरीचे वर्णन करतानाही महाभारतकार पगाराचा हिशेब विसरत नाहीत, याचे मला फार अप्रूप आहे. आपले आजचे लेखक तो का विसरतात?

खरी बंदरे हेच सांगतात. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तानुसार भडोचच्या राजाचे कोळी खाडीतील गाळ आणि भरती-ओहोटी ओळखून परदेशी जहाजांना वाट दाखवत. कल्याणला मात्र सत्ताबदलानंतर चुकून आलेली ग्रीक जहाजेही पहाऱ्यात भडोचला नेली जात. १४४२ मध्ये हेरातहून निघालेल्या अब्दुर रझ्झाक या राजदूताने केरळातील कालिकत बंदराविषयी लिहिले आहे की, व्यापारी माल बाजारात निर्धास्तपणे ठेवत, त्याची राखण जकातीचे अधिकारी करत, विक्री झाली तर चाळिसावा भाग घेतला जाई आणि न झाल्यास काहीच नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी समोर आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. शेतकरी जमीन उचलून नेऊ शकत नाही, पण जहाज दुसऱ्या बंदराकडे वळू शकते. त्यामुळे बंदराच्या राजाची सत्ता व्यापाऱ्याच्या विश्वासावर उभी असते. शिवाय परतीचे वारे सुरू होईपर्यंत परदेशी माणसे महिनोन्‌महिने मुक्कामाला राहतात, भांडतात, कर्ज काढतात, लग्नेही करतात. मलय द्वीपकल्पातील मलाक्का बंदराच्या सुलतानाने वेगवेगळ्या देशांच्या व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते, ते यासाठीच. तेव्हा तरुण लेखकांना माझी विनंती आहे की, आपल्या राजाला एकदा जकात वाढवू द्या आणि पुढच्या हंगामात किती जहाजे फिरकली नाहीत, ते लिहा.