तडतडीचा माग

(दृश्य : कॉम्प्युटरच्या पडद्यावर ध्वनीची लहर, खूप मोठी करून. मध्येच एक सपाट तुकडा.)

हा सपाट तुकडा म्हणजे जुने गेम चालवणाऱ्या एका डब्यातून येणारा ‘टक्’ आवाज. लहर चढत होती, एकदम शून्यावर आली, काही मिलिसेकंद तिथेच राहिली आणि मग दुसऱ्याच उंचीवरून पुन्हा सुरू झाली. कानाला टोचतात ते हे दोन तुटलेले काठ.

गेम चालू असताना आवाज रेकॉर्ड केला, ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि दोन टक् आवाजांमधलं अंतर मोजलं. साडेएकोणीस सेकंद. त्यापुढचं अंतरही जवळजवळ तेवढंच. तक्रार मात्र अशी होती की आवाज ‘कधीतरी, मधूनच’ फाटतो. कधीतरी येणारा दोष आणि ठरावीक वेळाने येणारा दोष यांची कारणं वेगळी असतात, म्हणून मेनूला हात लावण्याआधी घड्याळ लावायचं.

(दृश्य : इंदूर, रामबाग. टेबलावर उघडा बोर्ड, दोन कंट्रोलर, टीव्ही. खिडकीबाहेर मे महिन्याचं ऊन.)

टेबलावर आहे रास्पबेरी पाय थ्री बी प्लस हा एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर रेट्रोआर्क, म्हणजे एम्युलेटर चालवणारं सॉफ्टवेअर. उन्हाळी शिबिरातल्या मुलांसाठी हा डबा तयार होतोय. त्यात निन्टेन्डोच्या आठ बिटी आणि सोळा बिटी यंत्रांचे एम्युलेटर, म्हणजे त्यांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम आहेत. ज्यांचे नकली अवतार नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून आपल्या घराघरांत आले, तीच ही यंत्रं आणि त्यांची पुढची पिढी.

(दृश्य : जुन्या यंत्राचा बोर्ड, चिपवरून सरकणारा कॅमेरा.)

जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉममध्ये, म्हणजे त्या आठ बिटी यंत्रात, आवाजासाठी वेगळी चिप नव्हती. रिकोच्या प्रोसेसरमध्येच पाच वाटा होत्या : दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक खरखरीची आणि एक रेकॉर्ड केलेल्या छोट्या आवाजांची. हा प्रोसेसर सेकंदाला १७,८९,७७३ ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याला आवाजाची पातळी बदलू शकते. आपल्या टीव्हीला लागतात सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या पातळीच्या तेवढ्या नोंदी. साधारण ३७ ठोक्यांचं मिळून एक सॅम्पल करायचं, तेही लहरीचा आकार न बिघडवता, हे एम्युलेटरचं पहिलं काम.

१९९० च्या सोळा बिटी सुपर फॅमिकॉममध्ये आवाजाचा आख्खा वेगळा संसार आहे. सोनीचा प्रोसेसर, केन कुतारागी यांची रचना, स्वतःची ६४ किलोबाइट मेमरी, आठ आवाज एका वेळी. सॅम्पल ९ बाइटमध्ये १६ असे दाबून ठेवलेले. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ३२,००० सॅम्पल, पण प्रत्यक्ष यंत्रं थोडी पुढे धावतात, म्हणून एम्युलेटर ३२,०४० धरतात. त्या यंत्रात ध्वनीला स्वतःचं घड्याळ होतं आणि चित्राला स्वतःचं. दोन्ही एकमेकांची वाट न पाहता चालत आणि तरी काही बिघडत नसे, कारण आवाज थेट स्पीकरकडे जात होता.

एम्युलेटरमध्ये तसं होत नाही. इथे गेम एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, पुढे सरकतो, त्या फ्रेमपुरता आवाज तयार होतो आणि बफरमध्ये ओतला जातो. गच्चीवरच्या टाकीसारखं हे बफर : वरून पाणी फ्रेमाफ्रेमाने पडतं, खालचा नळ मात्र अखंड चालू. टाकी रिकामी झाली की टक्.

(दृश्य : कागदावर पेन्सिलने चाललेलं गणित. निवेदन सावकाश.)

आता ते साडेएकोणीस सेकंद. मूळ यंत्र सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम दाखवतं. समोरचा टीव्ही दाखवतो ६०. एम्युलेटर टीव्हीच्या तालावर चालतो, त्यामुळे गेम किंचित हळू चालतो आणि सेकंदाला ४८,००० ऐवजी ४७,९२१ सॅम्पल तयार होतात. तूट ७९. रेट्रोआर्कची लेटन्सी, म्हणजे आवाजाला दिलेला उशीर, ६४ मिलिसेकंद, म्हणून बफरमध्ये ३,०७२ सॅम्पलची जागा. बफर अर्धं भरलं की आवाज सुरू होतो, म्हणजे शिलकीत १,५३६. भागिले ७९ : साडेएकोणीस सेकंद.

हाच डबा ५९.९४ हर्ट्झच्या पडद्याला लावला असता, तर तूट १२७ झाली असती आणि टक् दर बारा सेकंदांनी आला असता. ५० हर्ट्झवर अडकलेल्या टीव्हीवर तर सेकंदाला आठ हजारांहून जास्त सॅम्पल कमी पडतात. तिथे टक् उरत नाही, सलग तडतड होते आणि गेमही रांगतो.

(दृश्य : कॉन्फिग फाइल, दोन ओळींवर कर्सर.)

रेट्रोआर्क ही तूट एरवी स्वतः भरून काढतो. मग इथे का नाही? कुठूनतरी उतरवून घेतलेल्या या कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी बदललेल्या होत्या. पडद्याचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती फ्रेम) ६०.०९८८ असा लिहिलेला, म्हणजे टीव्हीचा खरा आकडा काढून गेमचा आकडा ठेवलेला. आणि डायनॅमिक रेट कंट्रोल शून्यावर. पहिल्या ओळीमुळे रेट्रोआर्कला वाटत होतं की फरकच नाही. दुसरीमुळे फरक दिसला तरी काही करायची मुभा नव्हती.

डायनॅमिक रेट कंट्रोलची मांडणी रेट्रोआर्कचे मूळ लेखक हान्स-क्रिस्टियन आर्न्ट्सेन यांनी २०१२ साली लिहून ठेवली. कल्पना सुंदर आहे आणि साधीही. बफर अर्ध्याच्या खाली गेलं की प्रत्येक फ्रेममधून थोडी जास्त सॅम्पल काढायची, वर गेलं की थोडी कमी. कमाल बदल ०.००५, म्हणजे अर्धा टक्का. संगीतातला एक अर्धस्वर साधारण सहा टक्क्यांचा असतो, त्यापुढे हा बदल बहुतेक कानांना कळतही नाही.

(दृश्य : मेनू. व्हिडिओ, मग आउटपुट. पडद्यावर रिफ्रेश रेटचा अंदाज हलतोय.)

व्हिडिओच्या आउटपुट विभागात अंदाजित रिफ्रेश रेटची ओळ आहे. व्ही-सिंक (गेमला टीव्हीच्या तालावर बांधणारी सोय) चालू ठेवून तिथे दोन मिनिटं थांबायचं. आकडा आधी हेलकावे खातो, मग ठरतो. ठरल्यावरच स्वीकारायचा. त्यानंतर ऑडिओच्या सिंक्रोनायझेशनमध्ये रेट कंट्रोल ०.००५ आणि टायमिंग स्क्यू (गेमचा वेग पडद्याशी जुळवताना चालणारा कमाल फरक) ०.०५, म्हणजे मूळचेच आकडे.

(दृश्य : गेम चालू, पडद्यावर आकडेवारी.)

सूचनांच्या विभागातून ‘डिस्प्ले स्टॅटिस्टिक्स’ चालू केलं की हे आकडे पडद्यावर येतात. बफर सरासरी किती भरलेलं आहे, आणि ते रिकामं व्हायच्या बेतात किती टक्के वेळ होतं. पहिला आकडा पन्नाशीच्या आसपास हवा, दुसरा शून्याजवळ. साडेएकोणीस सेकंदांचा टक् इथे थांबला.

पण आवाज पूर्ण साफ झाला नाही. आता टक् खरंच मधूनच येत होता.

इथे बहुतेक जण लेटन्सी वाढवतात. ६४ चे १२८, मग २००. टक् थांबतो, हे खरं. पण २०० मिलिसेकंद म्हणजे बारा फ्रेम. बटण दाबलं, पात्र उडी मारून जमिनीवर यायला लागलं आणि उडीचा आवाज आता आला. ज्या गेममध्ये आवाजाच्या तालावर हात चालतो, तो गेम यानंतर तसा उरत नाही. ज्यांनी तो १७ लाख ठोक्यांच्या हिशेबाने रचला त्यांच्या कामाची ही नासाडी आहे, आणि दोष जागच्या जागी राहतो तो वेगळाच.

(दृश्य : टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण. क्लोज-अप.)

ही खूण लहान आहे आणि लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. तिचा अर्थ : बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला. असं झालं की रास्पबेरी पाय स्वतःचा वेग उतरवतो. मग फ्रेम १६.६ मिलिसेकंदांत पूर्ण होत नाही आणि टाकीत पाणी पडायला उशीर होतो.

(दृश्य : मल्टिमीटरचे टोक बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनांवर. आकडा ४.५८, ४.६१, ४.५९.)

ॲडॅप्टर ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा. त्याच्या तोंडाशी मोजलं तर बरोबर ५.१. मग अर्धा व्होल्ट गेला कुठे? केबलमध्ये. फोन चार्ज करायची ही बारीक केबल २८ गेजची. अशा तारेचा रोध मीटरला ०.२१ ओम. मीटरभर केबलमध्ये जाणारी आणि येणारी मिळून ०.४३. बोर्डाने १.२ अँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट तारेतच खर्च. २० गेजच्या तेवढ्याच लांबीच्या केबलमध्ये हाच तोटा ०.०८ व्होल्ट.

(दृश्य : जेल रोड. केबलच्या जुड्या, दुकानदार वेष्टणावरचं गेज वाचून दाखवतोय.)

केबल घेताना बाहेरच्या जाडीवर जाऊ नका, ती नुसत्या रबराची असू शकते. वेष्टणावर किंवा तारेवर गेज छापलेलं असतं. पॉवरच्या तारांचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. लांबी एक मीटरपेक्षा कमी असलेली बरी.

(दृश्य : टर्मिनल. टेबलाशी बसलेली मुलगी आकडा वाचते.)

“काका, पाच-शून्य-शून्य-शून्य-पाच.”

“ती जुन्या केबलची नोंद. नवी लाव, रीबूट कर आणि मग वाच.”

पायच्या ‘गेट थ्रॉटल्ड’ या कमांडचं हे उत्तर आहे. शेवटचा ५ म्हणजे या क्षणी दाब कमी आहे आणि वेग उतरवलेला आहे. पहिला ५ म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून असं कधीतरी घडून गेलं आहे. उत्तर नुसतं शून्य आलं तर वीजपुरवठा निर्दोष. नवी केबल लावून, बोर्ड पुन्हा सुरू करून अर्धा तास गेम चालवला. उत्तर आलं ८-०-०-०-८.

दाबाच्या खुणा गेल्या. हा आठ उष्णतेचा.

“तापमान किती?”

“६६, काका.”

“झाकण काढ आधी.”

थ्री बी प्लस ६० अंशांना पोचला की १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो. इंदूरच्या मे महिन्यात बंद खोलीतली हवाच ४० च्या आसपास असते, वर हे बंद प्लास्टिकचं डबडं. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचं हीटसिंक, डब्याला दोन्ही बाजूंना भोकं आणि पाच व्होल्टचा लहान पंखा, एवढ्याने तो ५५ च्या खाली राहिला. पंख्याची तोंडं नीट बघा : हवा आत ओढायची असेल तर समोरच्या बाजूला बाहेर जायला वाट हवी.

(दृश्य : पंखा फिरतोय. मागे तेच संगीत, सलग.)

प्रोसेसरकडे उसंत किती आहे, हे तपासायची चाचणी सोपी. फास्ट-फॉरवर्डचा वेग अमर्याद करून सगळ्यात गर्दीच्या प्रसंगात फ्रेमचा आकडा बघा. ७० च्या आसपासच थांबला तर जवळ काहीच शिल्लक नाही. मग शेडर, म्हणजे चित्रावरची सजावट, बंद करा आणि कोअर, म्हणजे रेट्रोआर्कच्या आत बसणारा एम्युलेटर, हलका घ्या. सोळा बिटी यंत्रासाठी थ्री बी प्लसवर ‘एसनेस नाइन एक्स २०१०’ पुरे. बीस्नेस हा दुसरा कोअर अचूक आहे, पण या बोर्डाच्या ताकदीबाहेरचा. प्रोसेसरचा गव्हर्नर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारं सेटिंग, ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, नाहीतर शांत प्रसंगातून गर्दीत शिरताना वेग चढेपर्यंत आवाज अडखळतो.

रन-अहेड, म्हणजे बटणाला लवकर प्रतिसाद मिळावा म्हणून गेम आतल्या आत थोडा पुढे चालवणारी सोय, तिच्याबद्दल एक गोष्ट. ती प्रत्येक फ्रेमला यंत्राची स्थिती साठवते आणि मागे आणते. काही कोअरमध्ये ध्वनीची स्थिती तंतोतंत परत येत नाही आणि ठरावीक आवाजांवरच खरखर ऐकू येते. अशा वेळी दुसरा इन्स्टन्स, म्हणजे त्याच कोअरची दुसरी प्रत, चालू करायचा असतो, पण त्याला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. या बोर्डावर रन-अहेड बंदच बरं.

(दृश्य : पिवळा पडलेला जुना टीव्ही गेम, उघडलेला. चिपवर काळा ठिपका. शेजारी ऑसिलोस्कोप.)

आता या पडद्याकडे बघा. वरची लहर एम्युलेटरची, खालची या जुन्या खोक्याची. सूर एकच, पण वरची लहर चौथाई वेळ उंच आणि खालची निम्मा वेळ. अनेक नकली यंत्रांच्या चिपमध्ये २५ आणि ५० टक्क्यांच्या लहरी एकमेकींच्या जागी बसल्या आहेत. शिवाय ती आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ५० फ्रेमवर चालत. सूर फक्त एका टक्क्याने उतरलेला, चाल मात्र सहातले पाच भाग. ज्यांनी हेच संगीत लहानपणी ऐकलं, त्यांना अस्सल यंत्राचा अचूक आवाज ‘बिघडलेला’ वाटतो. तो बिघाड नाही आणि त्यासाठी ऑडिओच्या सेटिंगमध्ये काहीही बदलू नये. मेसेन या एम्युलेटरमध्ये चौकोनी लहरींची अदलाबदल करायची खूण आहे, आणि यंत्राचा प्रकार ‘डेन्डी’ (असंच एक नकली यंत्र) निवडला की ५० फ्रेमही मिळतात. आपल्याकडच्या लाखो कानांवर पडलेला आवाज हाच होता. तोही जपण्यासारखा आहे.

(दृश्य : लेटन्सीचा आकडा ६४ वरून उतरतोय.)

कारणं गेल्यावर लेटन्सी खाली आणता येते. आठ-आठने उतरवायची, प्रत्येक पायरीला गर्दीचा प्रसंग दहा मिनिटं चालवायचा आणि रिकाम्या बफरचा आकडा शून्यावरून हलला की एक पायरी वर यायचं. इथे ती ४८ वर थांबली. डबा शिबिरात पोचला, मुलं खेळतायत.

सेटिंग जतन करताना मुख्य फाइलमध्ये ठेवू नका. क्विक मेनूतल्या ओव्हरराइडमधून ‘कोअर’ निवडा, म्हणजे ४८ फक्त त्याच एम्युलेटरला लागू होईल आणि जड कोअर आपल्या ६४ वर राहतील. रिफ्रेश रेट मात्र टीव्हीचा असतो. डबा दुसऱ्या टीव्हीला जोडला की तो पुन्हा मोजायचा.