मोडलेल्या चाकूला नवे टोक

इंदूरच्या रामबागेतील एका घराच्या गच्चीवर, सियागंजातून आणलेल्या सहा इंची बेंच ग्राइंडरसमोर, एक निवृत्त फिटर घडीच्या चाकूचे पाते दुरुस्त करत आहेत. आंब्याची पेटी उचकटताना टोक तुटले. बाकीची धार शाबूत आहे, आणि एवढ्यासाठी चांगले पोलाद भंगारात टाकणे त्यांना मान्य नाही. आम्हालाही ते पटते.

आधी ठरवायचे ते घासण्याची बाजू. धारेकडून घासत टोक वर नेले, तर चाकू मिटल्यावर ते मुठीच्या खाचेबाहेर राहते आणि खिशात हात घालणाऱ्याचे बोट कापते. म्हणून काळ्या मार्करने पाठीवरून धारेकडे उतरती रेघ आखली जाते आणि फक्त पाठ घासली जाते. चाकू मिटताना धार खाचेच्या तळाकडे जात असल्याने नवे टोकही आतच राहते.

खरी कसोटी उष्णतेची आहे. ग्राइंडरचे हे सहाणेचे चाक मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते, म्हणजे त्याचा काठ सेकंदाला २२ मीटरच्या आसपास वेगाने पोलादावरून सरकतो. पात्याच्या जाड भागात ही उष्णता पसरते, पण टोकाशी पोलादच इतके थोडे असते की तिला जायला जागा उरत नाही आणि ते क्षणार्धात तापते. साध्या कार्बन पोलादावर सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळी झाक येते, पुढे तपकिरी, मग जांभळी, आणि ३०० अंशांजवळ निळी. निळे दिसले की तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरला असे समजावे. तो थंड पाण्यात बुडवल्याने गेलेला कठीणपणा परत येत नाही, निळा भाग घासूनच काढावा लागतो. स्टेनलेस पात्यावर हे रंग उशिरा उमटतात, त्यामुळे तिथे रंगाची वाट पाहू नये.

म्हणूनच हे काका दोन-तीन सेकंद टेकवतात, लगेच पाते पाण्याच्या वाटीत बुडवतात, आणि टोकावरचे पाणी उडून जाताना दिसले की पुढचा स्पर्श आणखी आखूड ठेवतात. डोळ्यांवर चष्मा आहे. हातमोजे मात्र मुद्दाम काढून ठेवले आहेत, कारण फिरते चाक कापड पकडून हात आत ओढू शकते, आणि उघड्या बोटांना पाते तापल्याचे वेळीच कळते. घासण्यापूर्वी धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळलेली होती, हेही सांगायला हवे.

रेघेपर्यंत आल्यावर यंत्र बंद होते. नवी धार ओल्या दगडावर हातानेच लावली जाते. खिळीच्या सांध्यात शिरलेली सहाणेची पूड रॉकेलने धुऊन तिथे तेलाचा एक थेंब सोडला जातो, कारण ती पूड आत राहिली तर सांधा झिजून पाते हलू लागते. शेवटी चाकू मिटवून खाचेवरून सुती फडके ओढले जाते. ते कुठेही अडकले, तर पाठ आणखी थोडी घासावी लागते.