कळशीनं हंडा भरताना

नमस्कार श्रोतेहो. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हा माझा भाचा पुण्याहून पॉवर स्टेशन घेऊन आला होता. म्हणजे हँडल असलेली पेटी, आत लिथियमची बॅटरी. दिवा, पंखा, मोबाईल, सगळं तिच्यावर चालतं. दुसऱ्या दिवशी पेटी उतरली आणि वीज काही आली नाही. मग मी, तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस, ती गाडीच्या लायटर सॉकेटला लावून झोपलो. इंजिन बंद. सकाळी किल्ली फिरवली, तर नुसतं ‘कट कट’. चौघांनी चिखलात धक्का मारला तेव्हा गाडी लागली. भाचा काही बोलला नाही, हसला फक्त.

हिशेब सोपा होता, मी केलाच नव्हता. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, 35 अँपिअर-तासांची. गुणाकार 420 वॅट-तास. वीजबिलातलं अर्धं युनिटसुद्धा नाही. भाच्याची पेटी 500 ची. कळशीनं हंडा भरायला निघालो होतो!

आणि ही कळशी तळापर्यंत उपसायचीही नसते. गाडीची बॅटरी म्हणजे पैलवान. सेल्फ मारताना दोन-तीन सेकंद शंभरावर अँपिअर देते, की तिचं काम झालं. त्यासाठी तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे मार्केट यार्डातला हमाल, हळदीची पोती दिवसभर वाहणारा. पैलवानाला पोत्यांखाली घातलं की तो बसतो. बॅटरी पार उतरून तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि गेलेली ताकद पुरती परत येत नाही.

इंजिन चालू असलं की गोष्ट वेगळी. तेव्हा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र, 14 व्होल्टच्या आसपास देतो, बॅटरीवर भार येत नाही. पण लायटरच्या सॉकेटला फ्यूज असतो 10 किंवा 15 अँपिअरचा, त्यामुळे पेटीला शंभर-सव्वाशे वॅटच मिळतात. 500 ची पेटी भरायला पाच-सहा तास धरा. एवढा वेळ दारात गाडी नुसती चालू ठेवलीत तर तीन-चार लिटर पेट्रोल जाईल, तेही अर्ध्या युनिटासाठी! प्रवासात मात्र हेच काम फुकटात पडल्यासारखं होतं. सांगलीहून पुण्याला पोहोचेपर्यंत पेटी बरीचशी भरलेली असते.

पावसात गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बॅटरीवरून थेट वायर काढायची असेल तर वायर जाड हवी आणि फ्यूज पॉझिटिव्हच्या अगदी जवळ. फ्यूज पेटीच्या टोकाला लावून निवांत बसणारे मी पाहिलेत. मधली वायर बॉडीला घासली तर तो फ्यूज काय कामाचा?

इंजिन बंद ठेवून थोडं चार्जिंग करायचंच झालं, तर मीटर लावा. भरलेली बॅटरी आराम झाल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी संपली. तिथं पेटी काढायची.

आमच्याकडे आता आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेल्याचं कानावर आलं, की भाच्याचा फोन येतो, ‘मामा, पेटी भिंतीच्या सॉकेटला लावलीत ना?’